सहाव्या चंद्राची कोरी प्रत

गेल्या महिन्याच्या 'कपाट'च्या पहिल्या पानावरच्या बातमीत एक चूक झाली आहे. चूकदुरुस्ती शेवटच्या पानाच्या तळाला बारीक टायपात टाकायची, ही आपली छत्तीस वर्षांची पद्धत. ही चूक तिथे मावत नाही, म्हणून सगळा अंक तिलाच दिला आहे. नव्या विज्ञानकादंबऱ्यांची यादी, दिवाळी अंकांतल्या अद्भुतकथांचा आढावा आणि रद्दीच्या दुकानात कुणाच्या हाती काय घबाड लागलं त्याच्या बातम्या या वेळी नाहीत. वाचकांनी रागावू नये. एकशे चाळीसच तर आहात, आणि त्यातले निम्मे तसेही माझ्यावर कायमचे रागावलेले असता.

बातमी अशी होती: "हरवलेली कादंबरी सापडली! सुलोचना मगदूम यांच्या 'सहाव्या चंद्राचा नकाशा' या विज्ञानकादंबरीची एकमेव ज्ञात प्रत एकही पान न कापता नव्या यंत्राने वाचली जाणार. प्रत कोरीच राहणार." त्यातलं उद्गारचिन्ह माझं, आणि मिजासही माझीच.

'कपाट' नव्याने हाती पडलेल्यांसाठी सांगतो. मी भूपाल मगदूम, मुक्काम सांगली, या मासिक पत्रकाचा संपादक. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ मराठीतल्या विज्ञानकथा न् अद्भुतकथा गोळा करण्यात घालवला. सुलोचना माझी बायको. शाळेत भूगोल शिकवायची. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

आम्हा संग्राहकांचा एक नियम असतो. एक प्रत वाचायची, एक ठेवायची. ठेवायच्या प्रतीला हात लावायचा नाही. त्यातही ज्या प्रतीच्या पानांच्या कडा कापलेल्या नसतात तिच्यावर आमचा फार जीव. छापील ताव घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो, असे फर्मे शिवून पुस्तक बांधतात आणि मग मशीनवर त्याच्या कडा कापतात. कडा कापल्या नाहीत तर पानं घडीला जोडलेलीच राहतात. वाचणाऱ्याने सुरी घेऊन एकेक घडी कापत पुढे जायचं. म्हणजे ज्या पुस्तकाच्या घड्या शाबूत, ते कुणीच वाचलेलं नाही, याची ती पक्की खूण. हे सगळं मी जेवताना इतक्यांदा सांगायचो की आमची त्रिशला सहा वर्षांची असताना 'फर्मा' हा शब्द शाळेत बोलून आली होती.

तेहेतीस वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, सुलोचनाने माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं.

"अहो, हे घ्या. झालं एकदाचं."

ती दोन वर्षं वहीत काहीतरी लिहायची हे मला ठाऊक होतं. छापून झाल्याशिवाय दाखवणार नाही म्हणायची. आत पुस्तक होतं, आणि त्याच्याबरोबर एक छोटी पितळी सुरी.

"बाइंडरला सांगितलं, या एका प्रतीच्या कडा कापू नको," ती म्हणाली. "तुम्हाला तसलीच आवडतात ना? आता सुरी घ्या आणि बसा कापत."

"ही पहिली प्रत?"

"अगदी पहिली."

मला इतका आनंद झाला की मी जे करायला नको होतं तेच केलं. पुस्तक उचलून थेट माझ्या काचेच्या कपाटाकडे गेलो. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, ओल धरू नये म्हणून प्रयोगशाळेतल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या, सुरीही आत ठेवली, तोंड बंद केलं आणि वर चिठ्ठी चिकटवली: पहिली प्रत, कोरी. वाचायला दुसरी प्रत छापखान्यातून आणू असं मनात ठरवलं. दोनशे प्रती तिथे पडल्याच होत्या. त्यात घाई कसली?

पण गळीत हंगाम जोरात होता. कारखान्यात बारा बारा तास जात होते. आठ दिवसांनी सुलोचनाने विचारलं, "वाचलंत?"

"वाचलं की. छान जमलंय."

"आणि शेवट?"

"शेवटही छान."

ती हात पुसत उभी होती. मग "बरं," म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, सुटलो. या रविवारी दुसरी प्रत आणून वाचून टाकू, म्हणजे खोटंही खरं होईल.

तो रविवार काही आला नाही. जुलैच्या अखेरीस कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं. छापखाना तळमजल्यावर. आठ दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा सगळ्या गठ्ठ्यांचा लगदा झाला होता. शाळेतल्या बाईंना वाटलेल्या दहा-बारा प्रतीही कुणाच्या पुरात, कुणाच्या बदलीत गेल्या. तेव्हापासून दर महिन्याला 'कपाट'च्या 'हवे आहे' या सदरात मी पहिली ओळ तीच छापत आलो: 'सहाव्या चंद्राचा नकाशा', कोणत्याही अवस्थेतली प्रत चालेल. लोकांना वाटायचं, मगदुमाचं बायकोवर किती प्रेम! मला वाचायला दुसरी प्रत हवी होती, एवढंच. पहिली मी कापणार नव्हतो.

सुलोचनाने पुन्हा काही लिहिलं नाही. एकदा मी विचारलं, का गं लिहीत नाहीस? "वेळ कुठाय," म्हणाली. नंतरनंतर तिला कमी ऐकू यायला लागलं. कानातलं मशीन ती काढून डब्यात ठेवायची, मग आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो, आणि अशा बोलण्यात फार काही बोलता येत नाही.

*

या जूनमध्ये आईच्या चौथ्या स्मृतिदिनाला त्रिशला नाशिकहून आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, बेचाळीस वर्षांची. माणसांचे आखडलेले सांधे सोडवते. जेवणं झाल्यावर ती कपाटापुढे उभी राहिली.

"अण्णा, आईचं पुस्तक द्या. मला वाचायचंय."

"कसं देऊ गं? पानं कापावी लागतील."

"मग कापा."

"अगं, एकच प्रत आहे जगात."

"आईपण एकच होती की!" तिचा आवाज चढला. "तिचा आवाज माझ्याकडे नाही. फोनवर नुसतं 'जेवलीस का, पोचलीस का'. ती काय विचार करायची, कशी बोलायची मनातल्या मनात, ते सगळं त्या पिशवीत आहे. आणि तुम्ही त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून बसलाय."

"माझ्यामागे सगळं तुझंच आहे."

"तुमच्यामागे नको, आत्ता पाहिजे. ते पुस्तक वाचायला मिळेपर्यंत मी या घरात यायची नाही. सांगून ठेवते."

ती बोलली तशीच वागली. रोजचा फोन बंद झाला. गणपती झाले, दसरा झाला. हट्टीपणा तिने माझ्याकडूनच घेतलाय, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? घरात मी आणि चार हजार पुस्तकं. मला सुनं सुनं वाटायचं, पण सुरी हातात घ्यायचं धैर्य होत नव्हतं.

अशात मेहजबीन मुजावरचा फोन आला. ही मिरजेची मुलगी. कॉलेजात असताना जुने अंक वाचायला आमच्याकडे यायची आणि माझ्या धाकाने हातमोजे घालून बसायची. आता कोल्हापुरात एका संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ आहे.

"काका, बातमी देते. आमच्याकडे बंद पुस्तक वाचणारं यंत्र आलंय."

त्यामागचं विज्ञान तिने मला समजावलं, ते तुम्हालाही सांगतो. रेडिओच्या लहरी आणि उष्णतेच्या लहरी यांच्या मधल्या पट्ट्यात टेराहर्ट्झ नावाच्या लहरी असतात. त्या कागदातून आरपार जातात, पण जाताना प्रत्येक पानाच्या पृष्ठावरून थोड्याशा परत फिरतात. पुस्तक कितीही घट्ट मिटलं तरी दोन पानांच्या मध्ये हवेचा एक थर उरतोच, केसाहूनही बारीक. त्यामुळे दहाव्या पानावरून येणारा प्रतिध्वनी नवव्या पानाच्या प्रतिध्वनीपेक्षा किंचित उशिरा पोचतो. हा उशीर मोजला की कोणता प्रतिध्वनी कोणत्या पानाचा ते कळतं. शाई असलेल्या जागी तो निराळा येतो, म्हणून अक्षरं दिसतात. जुनी यंत्रं वीसेक पानांनंतर हात टेकायची, कारण खोलवरचे प्रतिध्वनी फार क्षीण असतात. हे नवं यंत्र पुस्तकाच्या दोन्ही अंगांनी ऐकतं आणि गोंगाटातून अगदी पुसट खुणाही वेचून काढतं. दोनशे पानांचं पुस्तक चार तासांत, मिटलेलं असताना.

यंत्राची ही बातमी मी गेल्याच्या गेल्या अंकात छापली आणि आपल्या मंडळींत जी धांदल उडाली ती तुम्हाला आठवत असेल. नागपूरच्या अवधूत देवगड्यांनी चार पानी पत्र पाठवून विचारलं, यंत्राने वाचलेल्या प्रतीला कोरी म्हणायचं का? मी ठणकावून उत्तर दिलं, अलबत म्हणायचं. संग्राहकांच्या आधी इतर लोकच मेहजबीनकडे पोचले होते. कुणी बापाचं पन्नास वर्षांचं मोहोरबंद पाकीट घेऊन आलं, कुणी बहिणीची कुलूपबंद डायरी. उघडायचं तर नाही, पण आत काय आहे ते कळायला हवं.

"काका, एक सांगू?" मेहजबीन म्हणाली होती. "पाकीट देताना लोक हसत असतात. परत नेताना मात्र कुणी हसत नाही."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला तोड सापडली होती. त्रिशलाला पुस्तक वाचायला मिळेल आणि माझी प्रतही शाबूत राहील. मी तिला फोन केला. "कोल्हापूरला ये. आईचं पुस्तक वाचू."

"कापलंत?" तिने एकदम विचारलं.

"त्याहून भारी. ये तर खरं."

ती येते म्हणाली. मी पहिल्या पानाची ती बातमी लिहायला घेतली.

*

यंत्र दिसायला अगदीच साधं होतं. एक पांढरं टेबल, त्याच्या वर आणि खाली दोन डबे. मेहजबीनने पिशवी उचलून पाहिली.

"काका, प्लास्टिक चालेल, पण यातली सुरी काढावी लागेल. धातूतून लहरी जात नाहीत. आणि त्या पुड्याही काढूया."

म्हणजे तेहेतीस वर्षांनी पिशवी उघडावी लागलीच. मी हातमोजे घालून सुरी काढली. पितळ काळवंडलं होतं.

"ही कशाला?" त्रिशलाने विचारलं.

"पानं कापायला. तुझ्या आईने दिली होती पुस्तकाबरोबर."

"आणि तुम्ही तीपण पिशवीत घातलीत?"

"दोन्ही मिळून सेट होता ना."

सुरी तिने माझ्या हातातून घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच्या मुठीत ठेवली.

दुपारी दोनच्या सुमाराला पडद्यावर पहिलं पान उमटलं. रेवा नावाची नकाशे काढणारी बाई सहाव्या चंद्रावर उतरते. तिथली जमीन रोज पहाटे जागा बदलते, त्यामुळे नकाशा कधीच पुरा होत नाही. त्रिशला खुर्चीच्या टोकावर बसून ओठ हलवत वाचत होती. एका ठिकाणी खुदकन हसली आणि म्हणाली, "हे आईच बोलतेय बघा." तिचा चेहरा इतका मोकळा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

यंत्र पानं भराभर उलगडत पुढे गेलं. शेवटच्या फर्म्यापाशी मेहजबीनचा हात थांबला.

"काका, इथे काहीतरी फार ठळक येतंय. ही छपाई नाही. हाताने लिहिलेलं आहे."

"शिसपेन्सिल असणार," मी लगेच माझं ज्ञान पाजळलं. "शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं. ते वीजवाहक आहे. लहरी त्याच्यावरून जोरात परत फिरणारच."

"पण पान तर घडीच्या आत आहे. न कापता आत लिहिलं कसं?"

ओळी एकेक करून वर येत होत्या. सुलोचनाचं अक्षर, फळ्यावर लिहायची तसं, गोल आणि सुटं.

मेहजबीनने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची मागे सारली. "मी चहाचं सांगून येते," म्हणाली आणि बाहेर गेली. त्रिशलाने मोठ्याने वाचलं.

"अहो, इथवर आलात म्हणजे सगळ्या घड्या कापल्यात. म्हणजे खरंच वाचलंत. रेवाचं पुढे काय झालं ते सगळं माझ्या डोक्यात तयार आहे. पण कुणाला ऐकायचं असेल तरच लिहायचं असं मी ठरवलंय. तुम्ही काही कौतुक करू नका. फक्त येऊन विचारा, पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी लिहायला बसते. तुमची सुलू."

"मी होते त्या दिवशी," त्रिशला हळूच म्हणाली. "बाइंडरकडे. घडी घालायच्या आधी आई ताव पसरून त्याच्यावर लिहीत बसली होती. मी विचारलं काय लिहितेस, तर म्हणाली, अण्णांची गंमत आहे, बोलायचं नाही. नंतर बरेच दिवस मला विचारायची, अण्णा माझ्याबद्दल काही म्हणाले का गं? मला काय कळत होतं? नऊ वर्षांची होते मी."

मग मी तिला सांगितलं. वाचलं म्हणून सांगितलं होतं, छान जमलंय म्हणालो होतो, शेवटही छान म्हणालो होतो. कुणापुढे तरी कबूल करायची ही पहिलीच वेळ.

"म्हणजे आईला त्याच दिवशी कळलं."

"मला वाटायचं, तिला पटलं होतं."

"अण्णा, पुस्तक काचेच्या कपाटात होतं. न कापलेलं, चिठ्ठी लावलेलं. ती रोज ती काच पुसायची."

रोज पुसायची, हे खरं. एकोणतीस वर्षं. मला तिथे बसवेना इतकी लाज वाटली. मी पुस्तक जपलं म्हणून मिरवत होतो, आणि तिला ते कपाट रोज सांगत होतं की या माणसाने तुझं एक पानही उघडलेलं नाही. तिने एकदाही बोलून दाखवलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मेहजबीनने सगळा मजकूर छापून एका पाकिटात घालून दिला. त्रिशलाने पाकीट पर्समध्ये टाकलं. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. अंकली मागे पडली तसं मी म्हणालो, "घरी चल. कापू."

"आता कशाला? मजकूर मिळाला की."

"तो यंत्राने वाचला. मी अजून वाचलेलं नाही."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नको म्हणाली नाही.

*

तर वाचकहो, दुरुस्ती अशी. 'प्रत कोरीच राहणार' हे चूक. तिचं एकेक पान कापलेलं आहे, आणि माझ्या हाताला सवय नसल्यामुळे काही कडा वाकड्या फाटल्या आहेत. 'हरवलेली कादंबरी सापडली' हेही चूक. कादंबरी हरवलेली नव्हती, माझ्या बैठकीच्या खोलीत होती. हरवला तो तिचा दुसरा भाग. तो सुलोचनाच्या डोक्यात तयार होता आणि तिच्याबरोबर गेला. जे लिहिलंय ते यंत्र कितीही पानांखालून वाचून दाखवील. जे लिहायचं राहिलं ते कोणत्याही लहरींना सापडणार नाही. आणि देवगडे, तुमच्या प्रश्नाला मी दिलेलं उत्तर मागे घेतो. कोरी प्रत म्हणजे काय हे मला आता चांगलं कळलंय. 'हवे आहे' सदरातली पहिली ओळही या अंकापासून काढली आहे.

दोन दिवस आम्ही वाचत होतो. सुरीला धार लावून घेतली. हातमोजे घातले नाहीत. मी घडी कापायची, त्रिशलाने पान वाचायचं, दमली की मी वाचायचं. कादंबरीत नकाशाघराचा एक प्रमुख आहे. रेवाने पाठवलेला प्रत्येक नकाशा तो न उलगडता नळकांड्यात घालतो आणि वर नंबर टाकतो. ते प्रकरण वाचताना त्रिशलाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे वाचू लागली. चंद्राच्या भ्रमणकाळात एक ढोबळ चूक आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मी अशी चूक वहीत टिपून घेतली नाही. पुस्तक चांगलं आहे. फार चांगलं आहे. हे मी तिला सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा फर्मा आला. रेवा कंदील घेऊन नकाशा संपतो त्या कडेवर उभी राहते, पलीकडे कुणीतरी दुसरा कंदील हलवतं, आणि छापील मजकूर तिथे थांबतो. मी शेवटची घडी कापली. खाली पेन्सिलीच्या ओळी होत्या, जराही न पुसलेल्या. घडीच्या आत त्यांना कुणाचं बोट लागलेलंच नव्हतं. त्या मी बोट न लावता वाचल्या, मग बोट लावून वाचल्या. बोटाला थोडं काळं लागलं.

त्रिशला वाट बघत होती. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून मी विचारलं, "पुढे काय झालं?"

माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. त्रिशलाने माझ्या हातातली सुरी काढून टेबलावर ठेवली.

"मोठ्यांदा विचारा, अण्णा," ती म्हणाली. "आईला कमी ऐकू यायचं."

मी मोठ्यांदा विचारलं.